नाव दोनदा विचारणारा माणूस

दस्तगीरभाईंनी अकरा वर्षांत मला माझं नाव किती वेळा विचारलं असेल, याची गणती नाही. आम्ही एकाच खोलीत समोरासमोरच्या टेबलांवर बसायचो. माझ्या डब्यातली भाजी ते वासावरून ओळखायचे. नवऱ्याच्या बदल्या, मुलाचा गोवर, सासूबाईंचे गुडघे, सगळं त्यांना तोंडपाठ. तरी काही निमित्तानं माझं रक्त तपासायची वेळ आली की सुई हातात धरून ते गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "नाव?" मी हसत "सुनंदा" म्हणायची. मग कापसानं बोट पुसता पुसता पुन्हा, "परत सांगा. नाव?" दुसऱ्यांदा सांगितल्याशिवाय सुई टोचायची नाही.

कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या रक्तपेढीत आम्ही दोघं काम करायचो. ते थोरले, मी त्यांच्या हाताखाली. दस्तगीर बारगीर हे त्यांचं पूर्ण नाव. उंचीला बेताचे, मान जाड, आणि दोन्ही कान कुस्तीत चुरगळून गेलेले. तरुणपणी लाल मातीच्या हौद्यात त्यांनी बरीच वर्षं घालवली होती. ते कान बघून पेशंट आधी दचकायचे, पण सुई इतकी हलकी की लहान मुलंसुद्धा रडायची विसरायची.

मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी माझ्याकडे रक्तगटाचा दाखला होता, मोठ्या दवाखान्याचा, शिक्क्यासकट. त्यांनी तो वाचला, घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, हात पुढं करा. माझा थोडा अपमानच झाला. आठवड्याभरात कळलं की हा मान सगळ्यांनाच आहे. आमचे मोठे डॉक्टर, ज्यांच्या समोर खुर्चीवर बसायची कुणाची छाती नव्हती, ते एकदा स्वतःचं रक्त द्यायला आले. दस्तगीरभाईंनी त्यांनाही विचारलं, "साहेब, नाव?" डॉक्टर भडकले. वीस वर्षं ह्याच दवाखान्यात आहे आणि तुला माझं नाव माहीत नाही का, म्हणाले. दस्तगीरभाई सुई घेऊन तसेच उभे. शेवटी डॉक्टरांनी नाव सांगितलं, आणि मग दुसऱ्यांदाही सांगितलं.

नंतर मी त्यांना म्हटलं, भाई, अनोळखी माणसाला विचारलं तर समजू शकते, पण साहेबांना कशाला? त्यावर ते जे बोलले ते मी तेव्हा गंमत म्हणून ऐकलं. "ताई, अनोळखी मानसाला एकदा इचारलं तरी चालतंय. वळखीच्याला दोनदा इचारायचं. अनोळखी मानूस आपल्याला जागं ठेवतोय. वळखीचा झोपवतोय."

दवाखान्यात त्यांची थट्टा चालायचीच. ताक फुंकून पिणारे पुष्कळ असतात, दस्तगीरभाई बर्फसुद्धा फुंकून खातात, असं आमची आया म्हणायची. संध्याकाळी ते गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जायचे. सगळं गाव तिथं गवळ्यानं दिलेला पेला तोंडाला लावायचं. हे मात्र पेला स्वतः विसळणार, उपडा करून झटकणार, आणि धार काढताना म्हशीच्या शेजारी उकिडवे बसणार. गवळी म्हणायचा, पावणं, आता म्हशीलाबी नाव इचारा की. मुलीच्या लग्नाच्या वेळी तर कहर झाला. सुपारीच्या कार्यक्रमात पेढा भरवायच्या आधी त्यांनी जावयाचं बोट टोचलं. वरपक्ष थक्क झाला. जावई शहाणा निघाला, न विचारता दोनदा नाव सांगून मोकळा झाला.

पण ह्या माणसानं जे उभं केलं होतं ते थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. त्या काळी रक्त द्यायचं म्हटलं की नातेवाईकसुद्धा मागच्या दारानं पसार व्हायचे. दस्तगीरभाईंनी शहरातल्या तालमी पालथ्या घातल्या. पैलवान लोक, अंगानं दरवाजाएवढे आणि सुई दिसली की पांढरेफटक पडणारे. त्यांना ते चिडवून, समजावून, कधी दम भरून घेऊन यायचे. मग कोडोली, शाहूवाडी, पार चंदगडपर्यंत गेले. चारशेच्या वर माणसांची नावं, पत्ते आणि रक्तगट त्यांनी एका लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात लिहिले होते. प्रत्येकाचा गट दोन वेगवेगळ्या दिवशी तपासलेला. मग शाईनं लिहिलेला.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीवाल्या शेठजींनी दवाखान्याला कॉम्प्युटर भेट दिला. नारळ फुटला, हार घातला, खोलीबाहेर चपला काढायची पाटी लागली. आयानं त्याला झालरीचं कव्हर शिवलं. रक्तदात्यांची यादी त्यात घालायची ठरलं आणि त्यासाठी पुण्याहून एक प्रोग्राम आला. हा प्रोग्राम मंद होता. एक नाव शोधायला सांगावं आणि चहा पिऊन यावं. पण दस्तगीरभाईंनी त्याला जो घाम फोडला तो मी पाहिलाय. अडीच महिने ते रोज रजिस्टर मांडीवर घेऊन बसायचे. मी पडद्यावरचं नाव वाचायची, ते बोट ठेवून "व्हय" म्हणायचे. शेवटचं नाव जुळलं तेव्हाच त्यांनी त्या यंत्राला आपलं मानलं.

आणि त्यानंतर वर्षाच्या आत त्याच माणसानं जे केलं ते मी आजही विसरू शकलेले नाही.

त्यांच्या तालमीचे वस्ताद होते, आबा. तेव्हा सत्तरी ओलांडलेले. बाप लवकर गेलेल्या दस्तगीरला त्यांनीच खुराक घातला, कुस्ती शिकवली, दवाखान्यात चिकटवलं. त्या तालमीत गणपती बसायचा तसाच मोहरमला पंजाही बसायचा, आणि दोन्हींचं पहिलं दर्शन आबांचं. दस्तगीरभाई त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसले नाहीत. त्या आबांचा मुलगा विलास पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. सुट्टीत आला तेव्हा बापानं सांगितलं, दस्तगीरच्या दवाखान्यात मशीन आलंय, बघ काय मदत लागती का.

विलास आला, दस्तगीरभाईंच्या पाया पडला, आणि खिशातून फ्लॉपी काढली. जुना प्रोग्राम आता कुणी वापरत नाही म्हणाला, हा बघा, गट विचारा, दोन मिनिटांत नावं हजर. आमची यादी त्यानं त्यात उतरवली, आणि खरंच हजर झाली. अकारविल्हे, नीटस, ओळीत. मी चकित झाले. जुन्याची फ्लॉपी पुसून तिच्यावरच त्यानं नवा चढवला, कारण कोरी फ्लॉपी त्या दिवशी नव्हती. तो गेल्यावर मी लाल रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, चला भाई, मी वाचते, तुम्ही बोट ठेवा.

त्यांनी रजिस्टर उचललं आणि परत कपाटात ठेवलं. "ताई, वस्तादांच्या घरचं हाय त्ये," म्हणाले. "त्यांच्या घरचं तपासून घ्यायचं म्हंजे त्यांच्या तोंडावर इस्वास न्हाई म्हनल्यागत हुतंय."

मी कॉम्प्युटरवर कव्हर घातलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. अडीच महिने पुन्हा कोण वाचणार होतं?

महिनाभर काही बिघडलं नाही. मग एका सकाळी अशोक नावाचा एक नवा तरुण रक्त देऊन गेला आणि त्याचं नाव मी यादीत चढवलं. माझ्याच बोटांनी. प्रोग्रामनं ते वरच्या बाजूला, इंग्रजी ए अक्षरात नेऊन बसवलं. मला तेवढंच दिसलं आणि कौतुक वाटलं. त्या नावाला जागा करून देण्यासाठी खालची सगळी नावं एकेक ओळ खाली सरकली होती. रक्तगट मात्र जागचे हलले नव्हते. चारशे माणसांपुढे शेजाऱ्याचा रक्तगट येऊन बसला होता, आणि मी कव्हर घालून जेवायला गेले.

चार दिवसांनी शाहूवाडीकडच्या एका वस्तीवरून सुमन नावाची बाई जीपमधून आली. पहिलं बाळंतपण. मुलगा झाला, पण रक्त थांबेना. गट निघाला ओ निगेटिव्ह. पेढीत त्या गटाची एकही बाटली नव्हती. सांगलीला फोन लावला, तिथंही नव्हती. दस्तगीरभाई त्या दिवशी कोडोलीला शिबिराला गेले होते. मी यादीला गट विचारला. तीन नावं आली. पहिलं नाव शहरातलंच होतं, दवाखान्याची जीप धाडली. माणूस हातातलं काम टाकून आला. मी त्याचं रक्त तपासलं तर बी पॉझिटिव्ह. माझंच चुकलं म्हणून पुन्हा तपासलं. बी पॉझिटिव्हच. दुसऱ्याला आणायला जीप गेली, त्यात पाऊण तास मोडला. तो ए पॉझिटिव्ह. सुमनचा नवरा तानाजी दारात उभा होता. तो आलेल्या माणसाच्या दंडाकडे बघत होता.

दोनच्या सुमाराला दस्तगीरभाई परतले. मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली, पडद्यासमोर बसले आणि मला स्वतःचं नाव काढायला लावलं. दस्तगीर बारगीर. पुढं लिहिलं होतं एबी पॉझिटिव्ह. ते ओ पॉझिटिव्ह होते हे दवाखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "माजं रगत कधी बदललं?"

मग त्यांनी कपाट उघडलं आणि लाल रजिस्टर काढलं. ओ निगेटिव्हची खरी माणसं सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिघांतला एक मुंबईला गेलेला, एक आजारी. तिसरा कोडोलीचा. त्याच सकाळी दस्तगीरभाई त्याच्या अंगणात बसून चहा पिऊन आले होते. पडद्यावर त्याचं नाव, मी जीप धाडून आणलेल्या पहिल्या माणसाच्या बरोबर खालच्या ओळीवर होतं.

दस्तगीरभाई स्वतः जीप घेऊन गेले. माणूस आला, पायात चपला नव्हत्या. त्याचं रक्त काढलं, तपासलं, जुळवलं, बाटली घेऊन मी जिना चढले. वरच्या पायरीवर आया उभी होती. तिनं माझ्या हातातली बाटली पाहिली आणि पदर तोंडाला लावला. सुमनला जाऊन दहा मिनिटं झाली होती. बाटली अजून कोमट होती.

मोठे डॉक्टर म्हणाले, रक्त वेळेत मिळालं असतं तर वाचली असती, कदाचित नसतीही. त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावून सांगितलं, यादीचं बाहेर बोलू नका, चुकीचं रक्त तर कुणाला दिलेलं नाही. ते काही वाईट माणूस नव्हते. मला त्या क्षणी त्यांचं म्हणणं इतकं पटलं की आता त्याचीच लाज वाटते.

दस्तगीरभाई त्याच संध्याकाळी तालमीत गेले. पुढचं मला विलासनं सांगितलं, रडत रडत; तो त्या दिवशी गावी आलेला होता. सगळी पोरं अंगाला माती लावून उभी होती. दस्तगीरभाईंनी आबांच्या पायाशी बसून जे झालं ते सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, तुमच्या घरचं म्हणून मी तपासलं नाही. आबा काठी टेकत उठले आणि पन्नाशीच्या त्या माणसाच्या कानशिलात त्यांनी सगळ्यांदेखत लगावली.

"कुस्तीला माजा पोरगा समोर आला तरी त्येच्या अंगाला तेल हाय का न्हाई, हात फिरवून बघायचं. कुनी शिकवलं तुला? मीच न्हवं?" ते म्हणाले. "आनि माजं नाव पुढं करून आंधळा झालास?"

मग ते मुलाकडं वळले. तू तरी तपासलंवतंस का, विचारलं. विलासनं खरं ते सांगून टाकलं. प्रोग्राम त्यानं लिहिलाच नव्हता. एका मित्रानं दिला होता, त्या मित्राला दुसऱ्या कुणी दिला होता, आणि तो मुळात कुठल्याशा दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या यादीसाठी होता. प्रत्येकानं आधीच्या माणसाकडं बघून तो घेतला होता. त्यात एक नवं नाव घालून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आबांनी विलासला मारलं नाही. मशीन न्हाई चुकलं, आपुन चुकलो, तवा तूच दुरुस्त करायचं, एवढंच ते म्हणाले. पुढं आठ आठवडे विलास दर शनिवारी पुण्याहून यायचा, आणि रविवारी सकाळपासून दस्तगीरभाईंच्या शेजारी बसून एकेक नाव जुळवायचा. नाव घालून बघ, काढून बघ, पुन्हा जुळव. पोरगा वाळून गेला, पण यादी अशी झाली की नंतर कधी तिनं दगा दिला नाही.

दोन महिन्यांनी दस्तगीरभाई म्हणाले, मी सुमनच्या घरी जातोय. डॉक्टरांनी आधी समजावलं, मग दटावलं. सांगून तुला काय मिळणार, विचारलं.

"मला काय मिळायचं न्हाई, साहेब. पर जे त्येंचं हाय ते त्येंच्याजवळ पायजे."

मीही गेले, कारण अशोकचं नाव मी चढवलं होतं. एसटीतून उतरून भाताच्या खाचरांतून बरंच चालावं लागलं. तानाजी अंगणात वैरण तोडत होता. त्याची आई उंबऱ्याच्या आत, मांडीवर बाळ घेऊन बसली होती. दोघांनीही आम्हाला ओळखलं, पण कुणी या म्हटलं नाही. दस्तगीरभाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं. प्रोग्राम, फ्लॉपी असे शब्द त्यांनी वापरलेच नाहीत. नावांची यादी एक ओळ घसरली होती, मी ती न तपासता वापरायला घेतली, म्हणून रक्त यायला दोन तास उशीर झाला, असं सरळ सांगितलं. विलासचं नाव नाही, आबांचं नाही, माझंही नाही.

तानाजी कोयता हातात धरून ऐकत होता. मला भीती वाटली, खोटं का बोलू?

"आईनं जीप बोलवू दिली न्हाई," तो म्हणाला. "सुईनीवर भरवसा ठेवून दोन तास घालवलं. म्हनून गेली, आसं मी धरून बसलोय. दोन म्हैनं झालं, आईसंगट शबुद बोलल्यालो न्हाई."

आत म्हातारीनं बाळाला थोपटायचं थांबवलं.

"तुमास्नी माफ कर म्हनत आसशीला तर जमायचं न्हाई मला," तानाजी म्हणाला.

"मागाय आलो न्हाई," दस्तगीरभाई म्हणाले.

तानाजीनं कोयता वैरणीत खुपसला. मग उंबऱ्याकडं न बघता तो म्हणाला, "आई, पावण्यास्नी पानी दे."

म्हातारी उठली. बाळाला कडेवर घेऊनच तिनं तांब्या आणला, अर्धं पाणी वाटेतच सांडलं. उरलेलं आम्ही दोघं प्यायलो आणि परत निघालो. स्टँडवर आल्यावर दस्तगीरभाई एका दगडावर बसून लहान मुलासारखे रडले. मी शेजारी उभी राहिले, दुसरं काही मला येत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी रजिस्टरातल्या चारशेही माणसांची रक्तं पुन्हा तपासली. रजिस्टर चुकलेलं नव्हतं, तरीही. सायकलनं, एसटीनं, सुट्टीच्या दिवशी, पदरमोड करून. दीड वर्ष लागलं. एकाचाही गट बदललेला निघाला नाही. मी म्हटलं, भाई, आता तरी समाधान झालं का? ते हसले आणि त्यांनी रजिस्टर कपाटात ठेवलं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते आमच्याच दवाखान्यात भरती झाले. पोटाचं मोठं ऑपरेशन होतं, रक्त लागणार होतं. अंगातला पैलवान कधीच निघून गेला होता, चुरगळलेले कान तेवढे उरले होते. त्यांच्या जागी आलेली नवी मुलगी नमुना घ्यायला आली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. दस्तगीरभाईंना कोण ओळखत नव्हतं? भिंतीवर त्यांचा फोटो होता. ती लाडानं म्हणाली, "काका, हात द्या." तिनं बाटलीवर नाव आधीच लिहून आणलं होतं.

दस्तगीरभाईंनी मूठ मिटून घेतली.

तिला वाटलं, दुखतंय. ती समजूत घालायला लागली. त्यांनी मान हलवली. बोलायला त्रास होत होता, तरी शब्द स्पष्ट आले. "नाव इचार."

ती हसली. माझ्याकडं बघितलं. मी हसले नाही, तेव्हा तिचंही हसू गेलं. तिनं विचारलं, "नाव काय?"

"दस्तगीर बारगीर."

मूठ मिटलेलीच होती. त्या मुलीनं हातातली बाटली नीट वाचली आणि पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि मूठ उघडली.